तीन नंबरचं घोडदळ

गेल्या दिवाळीत नाशिकला बहिणीकडे असताना दोन संध्याकाळी मी भाच्याच्या डाव्या हाताकडे बघत काढल्या. तो संगणकावर 'एज ऑफ एम्पायर्स 2' खेळत होता. हा खेळ 1999 साली आला, भाचा त्यानंतर सहा वर्षांनी. त्याच्या उजव्या हातात माऊस होता आणि बघणाऱ्याला सगळं काम तोच हात करतोय असं वाटत होतं. पण तबल्याच्या मैफलीत डोळे उजव्या हातावर असले तरी तोल डग्गा सांभाळतो, तसंच हे होतं. डावी बोटं आकड्यांवरून फिरत होती : एक, दोन, तीन-तीन, परत एक. 'एक' दाबला की तिरंदाज हाताशी येत. 'तीन' दोनदा दाबला की नजर थेट नकाशाच्या दुसऱ्या टोकाला, झाडीमागे थांबवलेल्या घोडदळावर जाऊन उभी राही.

मग मी बसलो. माऊसने मोठा चौकोन ओढला, होतं नव्हतं तेवढं सैन्य त्यात पकडलं आणि शत्रूच्या गावावर टिचकी मारली. घोडे पुढे गेले आणि भाल्यांवर मेले. तिरंदाज नंतर पोचले, तेव्हा त्यांच्यापुढे उभं राहायला कुणी उरलं नव्हतं. तोफा वाटेतच होत्या.

"मामा, तू सैन्य चालवत नाहीस," भाचा म्हणाला, "तू वरात काढतोस."

या वाक्यामुळे मी पुढचं वर्षभर या विषयात अडकलो. कंट्रोल की दाबून धरायची, आकडा दाबायचा, की निवडलेल्या सैनिकांचा गट तयार होतो. नंतर तो आकडा दाबला की तो गट हजर. खेळणाऱ्यांच्या भाषेत याला 'ग्रुप मारणं' म्हणतात. "घोड्यांना तीन मार" म्हणजे घोडदळाला तीन नंबर दे. एवढीशी गोष्ट. पण या आकड्यांमागे जो प्रश्न आहे तो संगणकाहून फार जुना आहे : एका माणसाला एका वेळी किती जणांना सांगता येतं?

संगणकावर हा प्रश्न पहिल्यांदा बोचला तो 1992 साली. वेस्टवुड कंपनीच्या 'ड्यून 2'मध्ये एका वेळी एकच गाडी निवडता येई. दहा रणगाडे हलवायचे तर दहा वेळा निवड, दहा वेळा हुकूम. दोन वर्षांनी ब्लिझर्डचा 'वॉरक्राफ्ट' आला. त्याचे प्रोग्रामर पॅट्रिक वायट यांना आराखडे काढण्याच्या संगणकीय साधनांतला ओढून पसरण्याचा चौकोन ठाऊक होता. तोच त्यांनी रणांगणावर आणला. आज हे इतकं अंगवळणी पडलंय की कुणीतरी ते पहिल्यांदा केलं असेल हे सुचतही नाही. त्यांना स्वतःला संख्येची मर्यादा नको होती. चमूने मात्र ठरवलं की एका वेळी चारच. कारण असं की खेळणाऱ्याने झुंड गोळा करून सोडून देऊ नये, कोण कुठे उभा आहे याचा विचार करावा. म्हणजे माझ्यासारख्या वरातवाल्यांचा बंदोबस्त 1994 सालीच झाला होता.

पुढे आकडे वाढत गेले. 'वॉरक्राफ्ट 2'मध्ये नऊ, 1998च्या 'स्टारक्राफ्ट'मध्ये बारा, 'एज 2'च्या मूळ आवृत्तीत चाळीस. वेस्टवुडने 1995च्या 'कमांड अँड कॉन्कर'मध्ये तर हवे तेवढे निवडायची मुभा दिली. तरी बाराच्या मर्यादेतच जगातले सगळ्यात वाकबगार खेळाडू तयार झाले, हे विसरता येत नाही. अडचण असली की हात शिकतो.

'एज 2'ने आणखी एक गोष्ट केली, आणि माझ्या मते ती निवडीच्या चौकोनाहून मोठी आहे. तिने रचना आणली. ओळ, चौकोन, विखुरलेली मांडणी, दोन बगला. ओळ निवडली की हातघाईवाले आपोआप पुढे येतात, तिरंदाज मागे सरकतात, नाजूक माणसं त्यांच्याही मागे. शत्रूच्या दगडफेक्या यंत्राचा गोळा येताना दिसला की चांगला खेळाडू तिरंदाजांची ओळ मधोमध फाडतो, गोळा रिकाम्या जमिनीवर पडतो आणि ओळ पुन्हा सांधते. हे सगळं दोन सेकंदांत.

या रचनेची किंमतही आहे. गट एकत्र चालतो तो त्यातल्या सगळ्यात मंद घटकाच्या चालीने. मी एकदा इराण्यांचे हत्ती आणि हलके घोडेस्वार एकाच नंबरखाली बांधले. घोडे हत्तींच्या पावलांनी चालू लागले. भाचा हसला नाही, फक्त म्हणाला, "आता तुझ्याकडे घोडे नाहीत. लहान हत्ती आहेत."

मला त्या क्षणी पानिपत आठवलं. त्यावर पुढे येतो.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर साताऱ्याकडचे एक निवृत्त सुभेदार राहतात. पायदळात अठ्ठावीस वर्षं. त्यांना मी हे आकड्यांचं प्रकरण दाखवलं. त्यांनी चष्मा पुसून पडदा पाहिला, आणि म्हणाले, "ह्यात चूक आहे."

"कोणती?"

"तुमचा पोरगा जवानाला सांगतोय. साहेब जवानाला कधी सांगत नाही. साहेब मला सांगतो, मी हवालदाराला सांगतो, हवालदार त्याच्या दहा जणांचं बघतो. त्या दहांत पाण्याची बाटली कुणाची रिकामी आहे ते हवालदाराला ठाऊक. साहेबाला ते ठाऊक असायचं कारणच नाही."

दहा जणांचा सेक्शन, तीन सेक्शनची प्लाटून, तीन प्लाटूनची कंपनी. साडेतीनशे वर्षांमागे आपल्याकडे हाच हवालदार पंचवीस घोड्यांवर होता. सभासदाच्या बखरीत शिवाजीमहाराजांच्या पागेची जी व्यवस्था येते ती अशी : पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांचा एक हजारी, पाच हजाऱ्यांवर पंचहजारी आणि सगळ्यांवर सरनोबत. मला त्यातली सर्वात आवडलेली गोष्ट हुद्द्यांची नाही. दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद नेमलेला असे. म्हणजे पाणी आणि नाल, या दोन गोष्टींची काळजी पंचवीसच्या आतच मिटायची. ती वर सरनोबतापर्यंत जायचीच नाही.

सरनोबत एका वेळी पाच माणसांशी बोलत असेल, फार तर सात. रोमन सैन्यात आठ जण एका तंबूत, ऐंशींचं शतक, सहा शतकांची कोहोर्ट, दहा कोहोर्टींचं लीजन. महाभारतातली अक्षौहिणी तर तिनाच्या पाढ्यावर उभी आहे : एक रथ, एक हत्ती, तीन घोडे आणि पाच पायदळ यांची एक पत्ती, तीन पत्तींचं सेनामुख, तीन सेनामुखांचा गुल्म, असं तीनपट चढत अनीकिनीपर्यंत, आणि शेवटी दहा अनीकिनींची अक्षौहिणी. 21,870 रथ हा आकडा लहानपणी मला ऋषींच्या लहरीसारखा वाटायचा. आता त्यात कुणीतरी हिशेबी सेनापती दिसतो. अशी फौज प्रत्यक्षात कधी उभी राहिली का, हा वेगळा प्रश्न. कुणी एकाने किती जणांना सांभाळावं याचा विचार मात्र त्यात पक्का आहे.

सुभेदारांचा आक्षेप ऐतिहासिक म्हणवणाऱ्या खेळांनीही आपापल्या परीने मनावर घेतला. कीव्हच्या जीएससी गेम वर्ल्डने 2001 साली 'कोसॅक्स' काढला. नकाशावर आठ हजारांपर्यंत माणसं, प्रत्येक जण सुटा. बंदूकधारी हवे तितके तयार करा, ते बाजारातल्या गर्दीसारखे उभे राहतात. त्यांची तुकडी बांधायची तर एक अंमलदार लागतो आणि एक ढोलवाला. हे दोघे आणि छत्तीस बंदुका जमल्या की ओळ बनते. मोठ्या तुकडीत 196 पर्यंत माणसं. ओळीत उभ्या माणसाचा मारा आणि तग दोन्ही वाढतात. तीच माणसं, त्याच बंदुका, मधे फक्त एक ढोल आला. बंदुकांच्या आवाजात माणसाचा गळा पोचत नाही आणि ढोल पोचतो, हे अठराव्या शतकातलं साधं सत्य या खेळाने पुस्तकाविना शिकवलं.

पण हा विषय सगळ्यात खोलवर नेला तो इंग्लंडमधल्या होर्शमच्या क्रिएटिव्ह असेंब्लीने. त्यांच्या 'टोटल वॉर' मालिकेतला पहिला खेळ 'शोगुन' 2000 साली आला. यात सुट्या माणसाला हुकूम देताच येत नाही. सगळ्यात लहान गोष्ट म्हणजे तुकडी, साठ-ऐंशी-शंभर-दीडशे माणसांची. मालिकेतल्या पहिल्या दोन खेळांत एका फौजेत सोळा तुकड्या, 2004च्या 'रोम'पासून वीस. माऊसचं उजवं बटण दाबून ओढलं की तुकडीची रुंदी ठरते : आखूड ओढलं तर खोल दाट रांगा, लांब ओढलं तर पातळ भिंत.

वीस तुकड्या म्हणजे वीस मूठभर चिंता. माझी पहिली 'रोम'ची लढाई मी थांबवत-थांबवत खेळलो, आणि तरीही डावीकडे काय झालं ते मला लढाई संपल्यावर कळलं. मग गट बांधायला शिकलो. मधली पायदळाची ओळ एक, तिच्या मागची राखीव दोन, उजवं घोडदळ तीन, डावं चार, तिरंदाज पाच. वीस चिंतांच्या पाच झाल्या. पाच माणसाला पेलतात.

इथे एक खोच आहे आणि नवा खेळाडू तिच्यात हमखास अडकतो. आठ तुकड्यांची सुरेख ओळ गट म्हणून निवडली आणि शत्रूच्या एका तुकडीवर टिचकी मारली, की आठही तुकड्या त्या एकीवर धावतात. ओळीचा गोळा होतो. दोन्ही बाजू उघड्या पडतात आणि शत्रूचं घोडदळ तिथून शिरतं. संगणकाने हुकूम तंतोतंत पाळलेला असतो. म्हणून जाणकार खेळाडू गटाला 'त्यांना मार' असं सांगत नाही, 'तिथे जा' असं सांगतो आणि समोरासमोर आल्यावर तुकड्या आपसूक भिडू देतो. मालिकेच्या पुढच्या खेळांत गटाला कुलूप लावायची सोय आली. कुलूपबंद गट आपली मांडणी राखून चालतो. पण कुलूप लावलं की गट आखडतोही. पुढे नाला आला, भिंत आली, तर तो तिथेच अडतो.

मनोबल हा या मालिकेचा दुसरा खांब. तुकडी शेवटचा माणूस पडेपर्यंत लढत नाही. बाजूने किंवा मागून मार बसला, शेजारची तुकडी पळाली, सेनापती पडला, की तिच्या निशाणाच्या जागी पांढरं निशाण फडफडू लागतं आणि ती पाठ फिरवते. एक पळाली की दुसरी. ही साथ ओळीत कशी पसरते हे वरून बघताना पोटात खड्डा पडतो. सेनापतीची तुकडी जवळ असली तर रणशिंग फुंकून पळणाऱ्यांना वळवता येतं, कधीकधी.

बीबीसीने 2003 साली याच यंत्रणेवर 'टाइम कमांडर्स' नावाचा दूरदर्शन कार्यक्रम केला. 'रोम' खेळ बाजारात यायचा होता, त्याआधी. चार जणांचा संघ, दोघे सेनापती आणि दोघे त्यांचे दुय्यम, समोर मोठा पडदा, त्यावर प्राचीन काळची एखादी खरी लढाई. त्यांच्या हातात माऊस नाही. सेनापतींनी दुय्यमांना सांगायचं, दुय्यमांनी तंत्रज्ञांना, आणि तंत्रज्ञ हुकूम खेळात घालणार. मी त्याचे जुने भाग पाहिले. लढाई सुरू होईपर्यंत बहुतेक संघ शहाणे वाटतात. नकाशावर बोट ठेवून छान बोलतात. पहिली टक्कर झाली की सेनापती एका कोपऱ्यातल्या झटापटीवर खिळतात, दुय्यम एकमेकांवर ओरडतात, आणि राखीव घोडदळ टेकडीवर उभंच राहतं, कारण ते आहे हे सगळे विसरलेले असतात. वीस मिनिटांपूर्वी त्यांनीच ते तिथे ठेवलेलं असतं.

हुकूम देणं वेगळं आणि तो पोचणं वेगळं, हे प्रशियात दोनशे वर्षांमागे कळलं होतं. रायस्विट्झ बापलेकांनी युद्धाचा खेळ तयार केला, 'क्रीग्जश्पील'. मुलाचे नियम 1824चे. 1:8000 मापाचा नकाशा, त्यावर धातूच्या पट्ट्यांची पलटणं, दर खेळी दोन मिनिटांची. मेख ही की खेळणारा पट्टी स्वतः हलवत नाही. तो हुकूम लिहून पंचाकडे देतो. घोडेस्वाराला तो कागद पोचवायला जितका वेळ लागला असता तितक्या खेळ्या पंच थांबतो, आणि मग पट्टी हलते. 'स्कर्ज ऑफ वॉर' या आजच्या संगणकीय मालिकेतही हवं तर असंच खेळता येतं : हुकूम जासुदाच्या हाती जातो आणि जासूद वाटेत मारलाही जाऊ शकतो. मी त्यात वॉटर्लू एकदा खेळून पाहिलं. अर्धा वेळ वाट बघण्यात गेला. भाच्याला हा खेळ मुळीच आवडला नाही. सुभेदार मात्र दोन तास हलले नाहीत.

वॉटर्लूच्या दोन दिवस आधीची गोष्ट यासंदर्भात सांगावीच लागेल. 16 जून 1815 या एकाच दिवशी दोन लढाया चालू होत्या. लिन्यीला नेपोलियन, कात्र-ब्राला मार्शल ने. फ्रेंच सेनानी देर्लाँचं सुमारे वीस हजारांचं कोर नेकडे निघालं होतं. वाटेत नेपोलियनच्या बाजूने हुकूम आला, तेव्हा ते लिन्यीकडे वळलं. ने संतापला, त्याने परत बोलावलं. कोर पुन्हा फिरलं. पोचलं तेव्हा अंधार पडत होता. वीस हजार माणसं दिवसभर दोन रणांगणांच्या मधे चालली आणि एकाही लढाईत उपयोगी पडली नाहीत.

मराठी खेळाडूला 'टोटल वॉर'मध्ये घरचं माणूस भेटतं ते 2009च्या 'एम्पायर'मध्ये. यात मराठे खेळायला मिळतात आणि खेळ 1700 साली सुरू होतो, म्हणजे राजाराममहाराज गेले आणि ताराबाईंनी राज्य हाती घेतलं ते साल. सुरुवातीला ऊर भरून येतो. मग हळूहळू कळतं की हा खेळ मनाने युरोपातला आहे. रणांगणाला चौकट आहे, तिच्याबाहेर जाता येत नाही, आणि आत जिंकायचं ते ओळीत उभ्या बंदुकांनी. गनिमी कावा म्हणजे समोर न उभं राहणं. ज्या खेळात समोर उभं राहिल्याशिवाय लढाईच होत नाही त्यात कावा कुठे बसवणार? मी तरी मराठ्यांचं राज्य कवायती पायदळ उभारूनच वाढवलं. आणि मग लक्षात आलं की अठराव्या शतकाच्या मध्यावर पुण्यात नेमका हाच वाद चालला होता.

सदाशिवरावभाऊंनी पानिपतावर इब्राहिमखान गारद्याच्या कवायती पायदळाच्या भरवशावर गोलाची लढाई धरली. बाहेर तोफा आणि गारदी, आत फौज, आणि त्याच्याही आत बुणगे, यात्रेकरू, बायकामुलं. सगळ्यांनी एका चालीने, गोल न मोडता शत्रूतून वाट काढायची. म्हणजे माझ्या हत्ती-घोड्यांचा तोच नंबर. गोलाची चाल सगळ्यात मंद माणसाची, आणि ज्या घोडदळाची सगळी ताकद वेगात होती ते त्याच चालीला बांधलेलं.

14 जानेवारी 1761. डाव्या अंगाला गारद्यांनी समोरच्या रोहिल्यांची दाणादाण उडवली. जुन्या वृत्तांतांतून येतं ते असं की तोच विंचूरकर आणि गायकवाड यांची पथकं गोल सोडून पुढे धावली, आणि रोहिल्यांच्या माऱ्याने मागे रेटली गेली. ज्यांच्या बाजू राखायच्या त्या गारद्यांच्या बाजू उघड्या पडल्या. याला आपण कधी उतावळेपणा म्हणतो, कधी शौर्य. मी तासन्‌तास खेळून जे पाहिलं त्यावरून मला वाटतं, त्या सरदारांना शत्रू मोडताना दिसला आणि मोडणाऱ्या शत्रूवर घोडा घालायचा हेच त्यांचं सगळ्या आयुष्याचं शिक्षण होतं. गोल ही कल्पना भाऊंच्या आणि इब्राहिमखानाच्या डोक्यात होती. कुलूप लावलं होतं ते दोघांनी, बाकीच्यांना ते दिसतच नव्हतं.

समोर अब्दालीने राखीव दल हाताशी ठेवलं होतं. काशीराज पंडितांच्या वृत्तांतात त्याने नसकची, म्हणजे शिस्त राखणारे शिपाई, पाठवून पळणाऱ्यांना मारून-धरून परत रणात आणल्याचं येतं. खेळातलं रणशिंग ते हेच, फक्त इथे त्याला तलवारीची धार होती. मग दुपारनंतर ताजी माणसं उतरली. विश्वासरावांना गोळी लागली, भाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले, आणि दूरवरच्या माणसांना रिकामा हौदा दिसला. पुढचं आपण सगळे जाणतो. माझ्या पडद्यावर सेनापतीच्या तुकडीचं निशाण पांढरं झालं की मी अजूनही खेळ थांबवून स्वयंपाकघरात पाणी प्यायला जातो.

या दिवाळीत भाचा आमच्याकडे आला. 'एज 2'मध्ये एक जुनी सोय आहे : दोघांनी एकच रंग निवडला तर दोघांचं एकच राज्य, एकच सैन्य, आणि दोघांचे हुकूम सारखेच चालतात. तो म्हणाला, "मामा, तू फक्त ट्रेब्युशे बघ. बाकी सगळं मी." ट्रेब्युशे म्हणजे किल्ले फोडणारं लाकडी गोफणयंत्र. ते चालवायचं तर गुंडाळावं लागतं, मारा करायचा तर उलगडावं लागतं, आणि दोन्हीला वेळ जातो. सुभेदार मागे खुर्ची टाकून बसले होते.

शत्रूचा किल्ला समोर आला. मी चारही यंत्रं उलगडायला घेतली. त्याच वेळी भाच्याला शत्रूचे घोडे उजवीकडून येताना दिसले आणि यंत्रं मागे घ्यावीत असं वाटलं. त्याने गुंडाळली. मला घोडे दिसलेच नव्हते. यंत्रं का गुंडाळली जातायत हे न कळून मी पुन्हा उलगडली. त्याने पुन्हा गुंडाळली. चार भलीमोठी लाकडी यंत्रं किल्ल्यासमोर उठत होती आणि बसत होती, बसत होती आणि उठत होती.

"मामा, सोड!"

"तू सोड!"

मागून सुभेदारांनी शांतपणे विचारलं, "यात सीनियर कोण आहे?"

तोवर घोडे पोचले होते.